रंगाला पाणी कशाला लागते?
पाण्याविना कापड रंगवण्याच्या विद्येची ओळख



उसाची लागण, खताच्या मात्रा, ठिबक आणि गळिताचे आकडे हे आपल्या पत्रिकेचे नेहमीचे विषय. मग साखर कारखान्याच्या पत्रिकेत कापड रंगवण्याचा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पंचगंगेत आहे. प्रयाग चिखलीच्या संगमापासून नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळेपर्यंत ही नदी आपल्या उसाला पाणी देते. आणि तिच्याच काठी इचलकरंजी आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला. त्या एका मागापासून पुढे सारे गाव मागांच्या खडखडाटावर उभे राहिले. आपल्यापैकी कितीतरी घरांत एक भाऊ उसात आणि दुसरा मागावर असतो. तेव्हा कापडाचा धंदा परका नाही आणि नदी तर नाहीच नाही.

पंचगंगेच्या घाणीत एकट्या रंगाचा वाटा नाही, हे आधीच सांगून टाकतो. गावांचे आणि शहरांचे सांडपाणी त्यात आहे. साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या यांचाही वाटा आहे, तो दुसऱ्याच्या अंगावर ढकलून चालणार नाही. पण रंगाच्या पाण्याची जात जरा निराळी आहे. सांडपाण्यातली सडणारी घाण जिवाणू खातात, म्हणून प्रक्रिया केंद्रात ती बरीचशी निवळते. रंगाच्या पाण्यात मात्र मीठ असते. मीठ जिवाणू खात नाहीत, ते गाळात बसत नाही आणि वाफेबरोबर उडूनही जात नाही. ते वाहत खाली येते आणि शेवटी पाटाने आपल्याच वावरात शिरते.

असे कुठे घडले आहे काय? घडले आहे. तमिळनाडूत तिरुपूर हे बनियन-टीशर्टचे मोठे गाव नोय्यल नदीकाठी आहे. तिथल्या रंगशाळांचे पाणी नोय्यलमध्ये जाई. शेतीसाठी १९९२ साली बांधलेले ओरतुपाळयम धरण त्या खारट पाण्याचे तळे होऊन बसले आणि खालची शेती नासली. शेतकरी कोर्टात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाने तिथल्या रंगशाळा बंद करण्याचा आदेश दिला. शेतकऱ्याची जमीन गेली आणि कामगाराची रोजीही गेली. अशी पाळी आपल्या नदीवर येऊ नये असे वाटत असेल, तर रंगाला एवढे पाणी आणि मीठ मुळात लागते कशाला, हे समजून घेतले पाहिजे.

अलीकडे ‘पाण्याविना रंगाई’ असा शब्द कानावर येतो. हा वायू वापरून कापड रंगवतात म्हणे, पाण्याचा थेंब लागत नाही म्हणे! ही गोष्ट खरी आहे, पण अर्धी खरी आहे. कोणती अर्धी ते या पाठात पाहू.

पाणी हे रंगाचे वाहन

कापडाला पाणी नको असते, रंग हवा असतो. पाणी हे केवळ रंगाचे वाहन आहे. रंगाची कोरडी पूड कापडावर चोळली तर ती वरच राहील आणि झटकली की जाईल. धाग्याच्या आत शिरायचे तर रंगाचा एकेक रेणू सुटा झाला पाहिजे. रेणू सुटा होणे म्हणजेच विरघळणे. तेव्हा रंगाईचा पहिला प्रश्न असतो, हा रंग विरघळतो कशात?

याची परीक्षा घरीच करून पाहता येते. चिमूटभर हळद ग्लासभर पाण्यात टाका. पाणी पिवळे गढूळ दिसेल, पण थोड्या वेळाने हळद तळाला बसेल. तीच हळद गरम तेलात टाका, तेल लगेच पिवळे होईल आणि पिवळेच राहील. हळदीचा रंगद्रव्य पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून तर फोडणीला रंग चढतो. रसायनशास्त्राचा जुना नियम असा की सारखे सारख्यात विरघळते. पाण्याच्या रेणूला एका बाजूने धन आणि दुसऱ्या बाजूने ऋण विद्युतभार असतो. मीठ-साखरेसारख्या पदार्थांशी त्याचे जमते, तेलकट स्वभावाच्या पदार्थांशी जमत नाही.

जुन्या काळच्या रंगाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक होते. नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते पिंपात नीळ आंबवून तिचे रूप बदलत. ती पिवळसर-हिरवट होऊन विरघळे. कापड बुडवून बाहेर काढले की हवा लागून तीच नीळ धाग्याच्या आत पुन्हा निळी आणि न विरघळणारी होई. आत जाताना विरघळायचे आणि आत गेल्यावर विरघळायचे नाही, ही पक्क्या रंगाची सारी किमया आहे.

दोन धागे, दोन रंग

आज बाजारात मुख्य धागे दोन, कापूस आणि पॉलिस्टर. दोघांचे स्वभाव अगदी उलटे.

कापसाला पाणी प्रिय. पाण्यात तो फुगतो आणि त्याची दारे उघडतात. त्याच्यासाठी १९५६ सालापासून रिॲक्टिव्ह रंग बाजारात आले. हे रंग पाण्यात छान विरघळतात आणि धाग्याशी रासायनिक गाठ मारतात. पण ते पाण्यात इतके रमतात की धाग्याकडे जायला तयार नसतात. त्यांना धाग्याकडे ढकलण्यासाठी मीठ घालावे लागते. रंगाच्या पाण्यात लिटरला ५० ग्रॅम मीठ आणि किलो कापडाला १० लिटर पाणी असे धरा. हिशेब सोपा आहे, एक किलो कापडामागे अर्धा किलो मीठ! त्यातले काहीही कापडात राहत नाही, सगळे गटारात जाते. शिवाय जुन्या पद्धतीत रंगाचाही २० ते ४० टक्के भाग गाठ न मारताच वाहून जातो. तो धुऊन काढायला पुन्हा पाणी. धुण्यासकट किलोला ५० ते १५० लिटर पाणी सहज लागते.

पॉलिस्टरचे उलटे आहे. तो पाण्याला दारात उभा करत नाही. त्याला चालतात ते डिस्पर्स रंग, म्हणजे हळदीसारखे तेलकट स्वभावाचे. ते पाण्यात विरघळत नाहीत म्हणून अगदी बारीक दळतात, पाण्यात तरंगत राहावेत म्हणून दुसरी रसायने मिसळतात, आणि जेट मशिनात दाबाखाली १३० अंशांपर्यंत तापवून धाग्यात घुसवतात. शेवटी वर चिकटलेला रंग कॉस्टिक आणि हायड्रोने धुऊन काढतात. सांगायचे तात्पर्य, पॉलिस्टर रंगवताना आपण न पटणाऱ्या दोघांची बळेच सोयरीक लावतो आणि त्या सोयरिकीचा खर्च नदी भरते.

मग या तेलकट रंगाला पाण्याऐवजी त्याच्याच स्वभावाचे वाहन दिले तर? तेल चालणार नाही, ते कापडातून निघायचे कसे? रॉकेलसारखे द्रावक पेट घेतात. असा पदार्थ हवा की जो रंग विरघळवील, धाग्यात शिरेल आणि काम झाल्यावर आपण होऊन निघून जाईल. असा पदार्थ सापडला तो आपल्या रोजच्या ओळखीचा. सोडावॉटरच्या बाटलीतला कार्बन डायऑक्साइड!

ना वायू, ना द्रव

पण साध्या कार्बन डायऑक्साइडमध्ये रंग विरघळत नाही. वायूचे रेणू एकमेकांपासून फार दूर असतात, रंगाच्या रेणूला धरून ठेवायला जवळ कोणी नसते. त्यांना दाबून जवळ आणावे लागते.

वायू दाबला की त्याचा द्रव होतो, हे आपण घरच्या गॅसच्या टाकीत पाहतो. पण त्यालाही मर्यादा आहे. बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज या शास्त्रज्ञाने १८६९ साली याच वायूवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ३१ अंश सेल्सिअसच्या खाली दाब वाढवला तर कार्बन डायऑक्साइडचा द्रव होतो आणि द्रव व वायू यांच्यातली रेघ स्पष्ट दिसते. ३१ अंशांच्या वर मात्र कितीही दाबा, ती रेघ उमटत नाही. या टोकाला त्याने क्रांतिक बिंदू म्हटले. कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू म्हणजे सुमारे ३१ अंश तापमान आणि ७३.८ बार दाब. एक बार म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळपास एक किलो. आपल्याकडच्या सहवीजनिर्मितीच्या बॉयलरचे ६७, ८७ किंवा ११० किलोचे आकडे ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना या दाबाचा अंदाज येईल.

या बिंदूच्या पलीकडच्या अवस्थेला अतिक्रांतिक अवस्था म्हणतात. तिथे तो पदार्थ धड वायू नाही आणि धड द्रवही नाही. द्रवासारखा दाट असतो, म्हणून विरघळवतो. वायूसारखा पातळ वाहतो, म्हणून धाग्याच्या कानाकोपऱ्यात चटकन पोचतो. हे काही प्रयोगशाळेतच घडते असे नाही. इलेक्ट्रिक पॅनेलजवळ कार्बन डायऑक्साइडचे लाल नळकांडे टांगलेले असते ना? हिवाळ्यात त्याच्या आत द्रव असतो. वैशाखातल्या दुपारी पारा ३१ च्या वर चढला की आतली रेघ पुसून जाते. आपण रोज त्याच्या शेजारून जातो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

दाबलेल्या वायूत घन पदार्थ विरघळतो ही गोष्ट हॅने आणि होगार्थ यांनी १८७९ मध्ये ग्लासगोत दाखवली. पण तिचा व्यवहारात उपयोग व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. जर्मनीत कुर्त झोसेल यांनी १९६० च्या दशकात हाच वायू वापरून कॉफीतले कॅफीन काढण्याची रीत शोधली. पुढे मसाल्यांचे अर्कही असे निघू लागले. मुंबईच्या आय. आय. टी. मधील ममता मुखोपाध्याय यांचे या अर्कांवरचे पुस्तक २००० साली प्रसिद्ध झाले आहे. तेव्हा ही विद्या आपल्या राज्याला नवखी नाही.

सारा खेळ घनतेचा

आता पाठाचा गाभा. दाबलेल्या वायूत रंग किती विरघळेल, हे कशावर ठरते?

साखरेचे उदाहरण घेऊ, ते आपल्या हातचे आहे. २० अंशांच्या एक किलो पाण्यात सुमारे दोन किलो साखर विरघळते, उकळत्या पाण्यात पावणेपाच किलोंच्याही वर. पॅनवरचा कारागीर हाच फरक वापरून दाणा पाडतो. पाण्याच्या बाबतीत तापमान हे मुख्य, कारण पाणी दाबून फारसे दाटत नाही.

कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. त्याच्या बाबतीत मुख्य गोष्ट घनता. ४० अंश तापमानाला ८० बार दाबावर त्याचे एक लिटर भरते सुमारे २८० ग्रॅम. दाब १०० बार केला की तेच लिटर भरते ६३० ग्रॅम. दाब पाव पटीने वाढला आणि घनता दुपटीच्या वर गेली! २०० बारला ती ८४० ग्रॅम होते, म्हणजे पाण्याच्या जवळ येते.

घनता वाढली की विद्राव्यता, म्हणजे विरघळण्याचे प्रमाण, तेवढ्याच पटीत वाढत नाही, कैक पटींनी वाढते. क्रास्टिल या शास्त्रज्ञाने १९८२ साली यासाठी एक सूत्र मांडले. विद्राव्यता ही घनतेच्या एखाद्या घाताच्या प्रमाणात असते, आणि तो घातांक रंगारंगाप्रमाणे बदलतो. घातांक ५ आहे असे धरू. घनता दुप्पट केली तर दोनाचा पाचवा घात म्हणजे ३२ पट रंग विरघळेल. दाबाची चावी थोडी फिरवली की रंग विरघळतो आणि उलटी फिरवली की पूड होऊन खाली पडतो. पाण्याकडून असे काम होत नाही.

तापमानाचे काय? इथे एक गंमत आहे, आणि नवख्याची फसगत इथेच होते. तापवले की जास्त विरघळणार असे आपण गृहीत धरतो. पण तापवल्याने दोन गोष्टी एकदम होतात. वायू फुगून विरळ होतो, म्हणून त्याची ताकद घटते. दुसरीकडे रंगाचे रेणू घन पुडीतून सुटायला अधिक उत्सुक होतात. कोणाची सरशी होईल ते दाबावर ठरते. १०० बारला तापमान ४० वरून ८० अंश केले तर लिटरचे वजन ६३० वरून सुमारे २२० ग्रॅमवर घसरते आणि विद्राव्यता कमी होते. ३०० बारला तेवढेच तापवले तर वजन ९१० वरून ७५० च्या आसपास येते, फार घसरत नाही, आणि विद्राव्यता वाढते. या दोहोंच्या मधे कुठेतरी असा एक दाब असतो की तिथे तापवण्याचा परिणाम शून्य होतो. प्रत्येक रंगाचा हा दाब निराळा. म्हणून प्रत्येक रंगासाठी मोजमाप करावे लागते.

मोजायचे कसे? रंगाची पूड काचेच्या लोकरीत मिसळून पोलादी नळीत भरतात. ठरावीक दाबाचा आणि तापमानाचा वायू तिच्यातून अगदी सावकाश सोडतात, म्हणजे तो रंगाने पुरता भरून निघतो. बाहेर दाब उतरवला की रंग गळून पडतो. तो द्रावकात घेऊन त्याची गडदपणा मोजणाऱ्या यंत्रावर तपासणी करतात. किती वायू गेला आणि किती रंग आला, झाला हिशेब. दिसायला सोपे आहे, पण दाबाची जरा चूक झाली तर घनता बदलते आणि उत्तर कैक पटींनी चुकते.

गाडी लहान, खेपा जास्त

उत्तर येते ते ऐकून आधी निराशाच होते. डिस्पर्स रंगांची विद्राव्यता बहुधा अशी निघते की वायूच्या दहा लाख रेणूंमागे रंगाचे रेणू असतात एखादा, दहा, फार झाले तर शंभर. मध्यम प्रतीचा रंग धरला, लाखाला एक रेणू, तर लिटरमध्ये सुमारे ४० मिलिग्रॅम रंग होतो. एवढ्याशा रंगाने कापड कसे रंगणार?

त्याचे उत्तर ऊसवाहतुकीत आहे. बैलगाडीत एका वेळी किती ऊस बसतो? थोडाच. पण दिवसभर खेपा चालल्या की फड रिकामा होतो. इथेही तसेच. १०० किलो कापडाला एक टक्का, म्हणजे एक किलो रंग चढवायचा आहे, आणि टाकीत १,००० लिटर वायू फिरतो आहे असे समजा. एका वेळी वायू ४० ग्रॅम रंग उचलतो, कापडाजवळ नेऊन उतरवतो आणि रिकामा होऊन पुन्हा पुडीकडे येतो. २५ खेपांत किलो रंग पोचला. प्रत्यक्षात गाडी दर खेपेला पूर्ण रिकामी होत नाही, म्हणून खेपा जास्त लागतात. पंप सतत चालू असतो, त्यामुळे त्याची अडचण होत नाही.

उलट गाडी फार मोठी असली तर तोटा होतो. रंग वायूत फार सुखाने विरघळला तर तो धाग्यात उतरायलाच तयार होणार नाही. रिॲक्टिव्ह रंग पाण्यात रमतो तसा इथे वायूत रमेल. थोडा विरघळावा आणि धागा दिसताच उतरावा, असा रंग चांगला. यात वायूची आणखी एक मदत होते. तो स्वतः पॉलिस्टरमध्ये शिरून त्याला थोडा फुगवतो आणि मऊ करतो. धाग्याची दारे किलकिली होतात आणि रंगाला वाट मिळते.

यंत्रात काय चालते?

भोके पाडलेल्या पोकळ रुळावर कापड गुंडाळून जाड पोलादी टाकीत ठेवतात. दुसऱ्या भांड्यात शुद्ध रंगाची पूड असते. ती तरंगवण्याची रसायने इथे लागत नाहीत. वायू आत घेऊन सुमारे २५० बार दाब आणि १२० अंश तापमान करतात. पंप वायूला रंगातून आणि मग कापडाच्या थरांतून आरपार फिरवतो. काम झाले की स्वच्छ वायूने वरचा रंग धुऊन घेतात. मग दाब उतरवतात. उरलासुरला रंग कोरडी पूड होऊन हाती येतो, वायू पुन्हा थंड करून टाकीत भरतात. ९५ टक्क्यांपर्यंत वायू परत मिळतो असे यंत्र बनवणारे सांगतात. कापड टाकीतून कोरडेच बाहेर येते. एक किलो पाण्याची वाफ करायला ५४० किलोकॅलरी उष्णता लागते, हे बॉयलरवरच्या माणसाला सांगायला नको. कापड वाळवण्याची ती सारी उष्णता इथे वाचते.

जर्मनीत क्रेफेल्ड येथील वस्त्रसंशोधन संस्थेत शोलमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे काम सुरू केले. नेदरलँड्समध्ये २००८ साली डायकू ही कंपनी निघाली आणि २०१० साली तिचे पहिले व्यापारी यंत्र थायलंडमध्ये येह समूहाकडे लागले. २०१३ साली नायके कंपनीने तैवानमध्ये या पद्धतीने पॉलिस्टर रंगवण्याचे काम जाहीर केले. म्हणजे ही नुसती हवेतली गोष्ट नाही.

कापसाचे घोडे कुठे अडते?

आता दुसरी अर्धी गोष्ट. वरच्या साऱ्या वर्णनात ‘पॉलिस्टर’ हा शब्द आम्ही मुद्दाम पुन्हा पुन्हा वापरला. कापसाला ही रीत अजून नीट लागू पडत नाही, आणि इचलकरंजीची ओळख तर सुती कापडाची!

अडचणी दोन. पहिली विरघळण्याची. रिॲक्टिव्ह रंगाच्या रेणूवर विद्युतभार असलेले गट असतात, त्यांच्यामुळेच तो पाण्यात विरघळतो. तेच गट त्याला कार्बन डायऑक्साइडमध्ये विरघळू देत नाहीत. दुसरी अडचण धाग्याची. कापसाचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. पाणी ती मिठी सैल करते, कार्बन डायऑक्साइड करत नाही. म्हणजे गाडी माल उचलत नाही आणि उचललाच तर घरचे दार बंद!

यावर उपाय शोधणे चालू आहे. वायूत थोडे अल्कोहोल मिसळले तर काही रंगांची विद्राव्यता पुष्कळ वाढते. विद्युतभाराचे गट काढून टाकलेले पण गाठ मारणारे नवे रंग करून पाहिले आहेत. डेल्फ्टच्या विद्यापीठात कापूस आधी अल्कोहोलच्या जातीच्या द्रावकात भिजवून असे रंग चढवल्याचे प्रयोग झाले आहेत. प्रयोगशाळेत रंग चढतो. पण गावोगावच्या रंगशाळेत रोजच्या धंद्याला परवडेल अशी रीत अजून हाती आलेली नाही. शिवाय २५० बारचे यंत्र महाग, ते चालवायला जाणता माणूस हवा. वायू गळाला तर तो हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात, तळघरात साचतो आणि माणूस गुदमरतो. आंबवण्याच्या टाकीत उतरताना आपण जी काळजी घेतो तीच इथे घ्यावी लागेल.

आपल्या डिस्टिलरीचा संबंध

हा वायू आणायचा कुठून? इथे साखर कारखाना पुन्हा येतो. मोलॅसिस आंबताना साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होते. शास्त्राच्या हिशेबाने १८० किलो ग्लुकोजपासून ९२ किलो अल्कोहोल आणि ८८ किलो वायू. जवळजवळ निम्मे-निम्मे! दिवसाला ३०,००० लिटर अल्कोहोल काढणारी डिस्टिलरी घेतली, तर हिशेबाने रोज सुमारे २२ टन वायू निघतो. सगळा हाती लागत नाही, पण जो पकडून शुद्ध करतात तो थंड पेयांना आणि कोरड्या बर्फाला जातो. बाकीचा हवेत. उसाने हवेतूनच घेतलेला हा कार्बन असल्याने रंगाईला तो वापरला तर जमिनीतून नवा कार्बन काढल्यासारखे होत नाही. शुद्धता मात्र उत्तम हवी, कारण त्यातला ओलावा आणि इतर गंध रंगात विघ्न आणतील.

तरी यातून कारखान्याला लगेच मोठे उत्पन्न येईल असे कोणी सांगू लागले तर भुलू नका. यंत्रातला वायू पुन्हा पुन्हा फिरतो, त्यामुळे नवा वायू थोडाच लागतो. आपला फायदा वायूच्या विक्रीत नाही, नदीच्या पाण्यात आहे.

मग आपण काय धरावे?

पाण्याविना रंगाई येणार आहे, तोवर नदीचे पाहून घेऊ, असे म्हणणे धोक्याचे आहे. जे मीठ आपल्या वावरात येते ते मुख्यतः सुती रंगाईचे, आणि त्याच रंगाईला ही विद्या अजून लागू नाही. त्यामुळे सुती कापडाच्या रंगशाळांनी कमी मिठाचे रंग वापरणे, कापडामागे पाणी कमी करणे, मिठाचे पाणी वेगळे काढून त्यातले मीठ परत मिळवणे आणि सामायिक प्रक्रिया केंद्र नीट चालणे यांना आज पर्याय नाही. पॉलिस्टर रंगवणाऱ्यांनी मात्र या यंत्राचा विचार आजच सुरू करावा. एकट्याला झेपत नसेल तर चार जणांनी मिळून करावा. सहकार म्हणजे काय हे या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको.

अभ्यासाची सोय जवळच आहे. इचलकरंजीत डी. के. टी. ई. ची वस्त्रोद्योगाची संस्था १९८२ पासून आहे. मुंबईत १९३३ साली निघालेल्या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत वस्त्ररसायन हा पहिल्यापासूनचा विषय. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहे. आपल्या सभासदांची मुले तिथे शिकतात. कापसाला चालेल आणि दाबलेल्या वायूत विरघळेल असा रंग शोधणे हा त्यांच्यापैकी कोणी हाती घ्यावा असा प्रश्न आहे. तो सुटला तर पंचगंगेकाठच्या शेतकऱ्याइतका आनंद दुसऱ्या कोणाला होणार नाही.

तोपर्यंत कोणी ‘पाण्याविना रंगाई’चा प्रस्ताव घेऊन दारात आला, तर सभासदांनी तीन प्रश्न विचारावेत. धागा कोणता? रंग कोणता, आणि तो या वायूत किती विरघळतो याचे मोजमाप कोणी केले आहे? दाब किती, आणि वायू किती परत मिळतो? या तिन्हींची आकड्यांत उत्तरे मिळाली तर पुढे बोलावे. न मिळाली तर चहा पाजून नमस्कार करावा.